रात्री अडीचच्या नोटिफिकेशनबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कोल्हापूरच्या बातम्यांच्या ॲपवरून रात्री अडीचला धरणाच्या पाण्याची सूचना आली आणि तुमची झोपमोड झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. रिव्ह्यूत एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. जाहिरातींचं आणि मोठ्या अक्षरांचं लिहिलंत त्यावर खाली बोलतो. पण "रात्री अडीचला नोटिफिकेशन टाकून क्लिक गोळा करायचा धंदा" हे वाक्य लागलं. ते तसंच राहिलं तर नवीन माणूस तेवढंच वाचून माघारी फिरेल. आमचं पोट याच ॲपवर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या रात्री गेलेली सूचना जशीच्या तशी देतो: "राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला. विसर्ग 1428 क्यूसेक. भोगावती, पंचगंगा काठी सावध राहा." एवढंच. कुठला दरवाजा, किती पाणी, कुणी सावध राहायचं, सगळं न उघडता लॉक स्क्रीनवरच वाचता येतं. क्लिक हवे असते तर "राधानगरीतून मोठी बातमी, पाहा" असं लिहून अर्धं पोटात ठेवलं असतं. पाण्याच्या सूचनेत अर्धी ओळ टाकायची नाही, हा आमच्याकडे पहिल्यापासूनचा नियम आहे. तो धंदा हा शब्द तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.

आता वेळेचं. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की आपोआप उघडतात, रात्र असो की दिवस. सकाळी सातला सांगू म्हणून आम्ही थांबलो असतो, तर नदीकाठच्या शेतकऱ्याला पाणी उपसायची मोटार नदीतून काढायला वेळच उरला नसता. ती मोटार अंधारात, बॅटरीच्या उजेडात, चौघांनी मिळून वर ओढावी लागते. चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांत जनावरं हलवायची असतात. पावसाळ्यात बापट कॅम्पातल्या आणि शाहूपुरीच्या कुंभारांच्या घरात गणपतीच्या मूर्ती अर्ध्या रंगवून ठेवलेल्या असतात, त्यांना तर एकेक तास मोलाचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत त्याहूनही वर. शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा लोक रात्र रात्र फोन हातात धरून बसले होते. हे ॲप त्यानंतरच सुचलं.

दुसरं असं की ही सूचना कुणावर लादलेली नाही. ॲप पहिल्यांदा उघडलं की एक पान येतं: "पाण्याची सूचना रात्रीही पाठवू का?" खाली "हो" आणि "नको" अशी दोन बटणं, दोन्ही सारख्याच आकाराची. आधीपासून कुठलंच निवडलेलं नसतं. अँड्रॉइड 13 पासून तर फोनच आधी परवानगी विचारतो. तुमच्याकडून घाईत "हो" दाबलं गेलं असेल, होतं तसं, पण आम्ही न विचारता पाठवलं असं कृपया म्हणू नका. बाकी सगळ्या बातम्या, अगदी निवडणुकीचा निकाल आणि शाहू स्टेडियमवरची फायनलसुद्धा, रात्री दहा ते सकाळी सहा आवाज न करता जातात.

"म्हाताऱ्यांसाठी बनवलंय का" असं विचारलंत. हो, त्यांच्यासाठीही बनवलंय. आमचे बरेच वाचक चष्मा शोधत फोन उघडणारे आहेत. शिवाय देवनागरीला वर रफार, वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजी ॲपइतक्या दाटीवाटीने ओळी बसवल्या की अक्षरं कापली जातात. पहिल्या चाचणीत "कुरुंदवाड"चे खालचे उकार पुढच्या ओळीत घुसत होते आणि स्वस्त फोनवर "द्ध"चा नुसता काळा ठिपका दिसायचा. म्हणून दोन ओळींतलं अंतर मुद्दाम जास्त ठेवलंय. तुम्हाला बारीक हवं असेल तर बातमी उघडल्यावर वरच्या "अ" वर दाबा, अक्षर लहान होतं. पहिल्या पानावर गुळाचे सौदे का, तर मार्केट यार्डात माल घालणारा माणूस सकाळी तेच आधी बघतो. ते आम्ही काढणार नाही.

जाहिरातींबद्दल. ॲप फुकट आहे, वर्गणी नाही, चार माणसांचा पगार त्यावरच निघतो. शेअरचं बटण अँड्रॉइड सांगतं तसं 48 डीपीचं (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप) आहे, पण लगेच खाली जाहिरात असल्यामुळे अंगठा तिकडं जातो, हे आणखी दोघांनीही कळवलंय. मधली जागा वाढवायला सांगितलंय, पुढच्या अपडेटमध्ये होईल. डार्क मोडचंही बघतोय.

तुम्ही राजारामपुरीत राहता, पाणी तिथवर येत नाही असं लिहिलंय. मग तुमच्यासाठी सोपं आहे. ॲप फोनवर परत टाकलंत तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावाखाली "नोटिफिकेशन" उघडा, तिथं "पूर व धरण" वेगळं दिसेल, तेवढंच बंद करा. बाकीच्या बातम्या चालू राहतील. नदीकाठी कुणी पाहुणे असतील तर मात्र त्यांच्या फोनवर ते चालूच राहू द्या. आणि बंद करूनही आवाज आला, तर "संपर्क" मध्ये फोनचं मॉडेल लिहून पाठवा, मी स्वतः फोन करतो.