पांढऱ्या हत्तींवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं लिहितेय. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या १९२७ सालच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (पांढऱ्या हत्तींसारख्या टेकड्या) या कथेतल्या प्रतीकांवर मी लेख लिहिला होता. स्पेनमधल्या एका रेल्वे जंक्शनवर एक अमेरिकन माणूस आणि त्याच्याबरोबरची मुलगी गाडीची वाट बघतात आणि तिने गर्भपात करावा का यावर आडून आडून बोलतात, एवढीच कथा. त्यावर तुमचं म्हणणं असं की टेकड्या म्हणजे टेकड्या, तुम्हा लोकांना जिथेतिथे प्रतीकं दिसतात, नदी, शेतं, सामान काही म्हणून सोडत नाही. आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांच्यावर अशी वेळ आली नाही त्यांनी प्रतीकं मोजत बसू नये."

आधी चूक मान्य करते. बार्सिलोनाहून येणारी एक्स्प्रेस त्या जंक्शनवर पाच मिनिटं थांबते असं मी लिहिलं होतं, ती दोनच मिनिटं थांबते. दुरुस्त केलंय. पण ही एवढीशी चूक दाखवताना "कथा वाचली तरी आहे का" हे कशाला? चूक सांगायची तर सांगा की, टोमणा कशासाठी?

आता ते शेवटचं वाक्य. तुम्हाला कुणी सांगितलं हो, माझ्यावर वेळ आली नाही म्हणून? आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, काही ठरलेलं नव्हतं, आणि दोन दिवस आम्ही दोघं एकाच घरात एका शब्दाला वळसा घालत फिरत होतो, तो शब्द काही कुणाच्या तोंडून निघेना. नवरा म्हणायचा तुला वाटेल तसं करू, आणि दर वेळी त्याच्या मागे एक 'पण' असायचा. दुसऱ्या रात्री छतावर ओल आलेली त्या डागाकडे बघून मी म्हटलं, उंटासारखा दिसतो ना? तो म्हणाला, डाग आहे, पेंटरला बोलवू. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते आयुष्यात परत तसं झालं नाही. ते भांडण डागावरून होतं असं वाटतं तुम्हाला? पुढे आम्ही काय ठरवलं ते मी इथे सांगणार नाही, तो आमच्या घरातला प्रश्न आहे, पण वेळ आली नाही असं मला कुणी ऐकवायचं नाही.

म्हणूनच मला कथेतली ती मुलगी कळते. टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात हे लेखक म्हणतच नाही, ती म्हणते! लेखक सांगतो ते इतकंच की टेकड्या उन्हात पांढऱ्या होत्या आणि मुलूख तपकिरी, कोरडा. तिचं ऐकून तो अमेरिकन म्हणतो मी कधी बघितला नाही, ती म्हणते तू कशाला बघशील, आणि तिथेच ठिणगी पडते. थोड्या वेळाने ती स्वतःच माघार घेते, म्हणते तशा काही दिसत नाहीत, मी आपली झाडांतून दिसणाऱ्या त्यांच्या कातडीच्या रंगाबद्दल बोलत होते. ऑपरेशनचा विषय तो त्याच्यानंतर काढतो. अख्ख्या कथेत गर्भपात हा शब्द एकदाही येत नाही, फक्त ऑपरेशन, तेही म्हणे एकदम साधं. पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय ते मराठीत वेगळं सांगायला नको, तो त्या अमेरिकनचा अर्थ झाला, नको असलेला खर्च. पण सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, पांढरा हत्ती पवित्र मानायचे, तो दुर्मिळ, राजाचा. एकाच शब्दात त्याचं ओझं आहे आणि तिला हवंसं वाटणारंही आहे.

आणि तुम्ही जी ओळ गाळलीत ती तर सगळ्यात मोठा पुरावा आहे. ती त्याला विचारते की मी हे केलं, तर मग मी कशाला तरी पांढऱ्या हत्तींसारखं म्हटलेलं तुला पुन्हा आवडेल का? आता सांगा, इथे मी कुठलं प्रतीक ओढूनताणून आणलं? हत्तींचा विषय तिनेच परत काढलाय ना?

एब्रो नदीच्या काठची झाडं, धान्याची शेतं, बॅगांवरची हॉटेलांची लेबलं, याबद्दल तुम्ही जे काही लिहिलंय त्याला उत्तर देत बसत नाही, लेखात आहे सगळं.

आणि पुढच्या वेळी "तुम्हा लोकांना" असं लिहू नका. लेख माझ्या एकटीचा आहे, जे बोलायचं ते माझ्याशी बोला.