घरी काडतुसं भरायच्या त्या मेसेजबद्दल, मुद्द्यागणिक

‘घरबसल्या काडतुसं भरा, चौथाई खर्चात सराव करा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. काडतुसं भरणं म्हणजे उडवलेल्या काडतुसाच्या पुंगळीत (रिकाम्या धातूच्या नळकांड्यात) नवा प्रायमर (ठोका बसताच पेटणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवणं. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, सगळीकडे पोचलाय. नववीतला माझा भाचा एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छरा सोडणारी रायफल, शिकतो. त्याने हा मेसेज वाचून वडिलांकडे मशीनसाठी पैसे मागितले, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं असं: बंदुकीचा परवाना असला की वेगळी परवानगी लागत नाही. कुठलीही रिकामी पुंगळी चालते. एका दांड्यात सगळं करणारं मोठं मशीन घ्या, तासाला शेकडो काडतुसं निघतील. दारू मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा किंवा चहाचा चमचा पुरे. दारू मिळाली नाही तर फटाक्याची वापरा. आणि सगळे मोठे नेमबाज हेच करतात.

परवान्याचं आधी. हत्यार आणि काडतूस बाळगायचा परवाना शस्त्र अधिनियम, 1959च्या कलम 3खाली मिळतो. काडतूस बनवणं कलम 5खाली येतं आणि त्याचा परवाना निराळा. पहिला आहे म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही. त्याच कायद्यातली ‘दारूगोळा’ची व्याख्या, म्हणजे कलम 2(1)(ब), प्रत्येकाने एकदा वाचावी. त्यात काडतुसाचे सुटे भाग येतातच, शिवाय काडतूस बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे एकही काडतूस भरलं नाही, नुसतं मशीन मागवून माळ्यावर ठेवलं, तरी कायद्याच्या नजरेत घरात दारूगोळा आला. विनापरवाना बनवण्याची शिक्षा 2019च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. हे ठाऊक नसताना लोक हा मेसेज पोराबाळांना पाठवताहेत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

आता काटा आणि चमचा. मेसेजातली सगळ्यात बेजबाबदार ओळ हीच.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसणाऱ्या .32 (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात) रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसात, सरावाच्या हलक्या भरणीत, दारू सुमारे 2 ग्रेन असते. म्हणजे 0.13 ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमच्या पटीत दाखवतो. त्याच्यावर ही दारू ठेवा, आकडा शून्य येईल. दुप्पट ठेवा, तरी शून्यच. सराफी काटा 0.01 ग्रॅम दाखवतो, पण तेवढी चूकसुद्धा इथे सात-आठ टक्क्यांची होते. जिथे हे काम परवान्याने चालतं तिथे 0.1 ग्रेन दाखवणारा काटा आणि तो तपासायला प्रमाणित वजनं वापरतात. चमचा तर मोजतो आकारमान. दोन जातींची दारू सारख्याच चमच्यात वेगळ्या वजनाची भरते आणि वेगळ्या वेगाने जळते.

यातून होतं काय? हे .32 लांब काडतूस 1896चं. तेव्हा त्यात काळी दारू भरत, आणि ती जागा फार खाते. आजची धूरविरहित दारू त्याच पुंगळीच्या तळाशी बसते. त्यामुळे चुकून दोनदा भरली गेली तरी सांडत नाही, गोळीही नेहमीसारखी बसते, बाहेरून काहीच कळत नाही. या काडतुसाची अमेरिकी मानकातली दाबाची मर्यादा 15,000 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे. दुप्पट भरणीचा दाब दुपटीवर थांबत नाही, त्याच्याही पुढे जातो आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसवायचं फिरतं चक्र, फुटू शकतो. दारू भरायचीच राहिली तर उलटं होतं: नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आवाज बारीक येतो, नवशिका पुन्हा चाप ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते.

म्हणूनच मोठ्या मशीनचा सल्लाही चुकीचा. त्याच्या दांड्याच्या एका ओढीत चार-पाच कामं एकदम होतात आणि प्रत्येक पुंगळीत दारू किती पडली याकडे नवशिक्याचं लक्ष राहत नाही. जिथे कायदा परवानगी देतो तिथे नवशिके एका वेळी एकच काम करणाऱ्या साध्या प्रेसवर (हाताने दाबायच्या यंत्रावर) सुरुवात करतात. भरलेल्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करतात, वरून टॉर्च मारून सगळ्यांतली पातळी सारखी आहे का बघतात आणि मगच गोळी बसवतात.

फटाक्याची दारू हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही. बंदुकीची दारू ठरावीक वेगाने जळावी म्हणून तिच्या दाण्याचा आकार आणि वरचा लेप ठरवलेला असतो. फटाक्यातलं मिश्रण फुटण्यासाठीच बनवलेलं असतं आणि घर्षणानेही पेटतं. रिव्हॉल्व्हरपर्यंत जायच्या आधी ते हातातच फुटू शकतं.

कुठलीही पुंगळी चालते हेही खोटं. .22 मध्ये प्रायमरचं मिश्रण बुडाच्या कडेच्या घडीत असतं. बंदुकीच्या पिनेने ती कड चेपली की पुंगळी संपली. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत दोन बारीक भोकं असतात, तिथे नेहमीच्या डायची (जुना प्रायमर काढणाऱ्या साच्याची) पिन तुटते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. पुंगळी हा काडतुसाचा महागडा भाग, ती पुन्हा वापरता येते आणि अमेरिकेत लोक यातून पैसे वाचवतात, अचूकताही मिळवतात. पण ‘सगळे मोठे नेमबाज’ म्हणजे कोण? कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं 2024चं ऑलिंपिक कांस्य 50 मीटर रायफलचं, म्हणजे .22चं. तेव्हा आपल्या शेजारच्या महूतल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये (सैन्याच्या नेमबाजी पथकात) असलेल्या विजय कुमारचं 2012चं रौप्य 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं, तेही .22च. यातलं एकही काडतूस पुन्हा भरता येत नाही.

भाच्यासारख्याला तर काडतूसच लागत नाही. .177 बोअरची (नळीचा व्यास .177 इंच), छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल असेल तर परवानाही नको. रायफल सुरुवातीला क्लबची वापरावी. पैसे आधी अंगाला बसणाऱ्या जॅकेटवर आणि बुटांवर घालावेत, मग छऱ्यांवर. छऱ्याच्या डोक्याचे 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर अशी मापं मिळतात. रायफल शिकंज्यात घट्ट धरून 10 मीटरवरून प्रत्येक मापाचे 10 छरे मारावेत आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील ते माप ठरवावं. 10 गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे हा फरक दिसतो. घाघरा (मागची पसरट कड) चेपलेला छरा बाजूला टाकावा. छरे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये. मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांत जमलेल्या मापाचे, एकाच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) डबे एकदम घेऊन ठेवावेत, कारण लॉट बदलला की चाचणी पुन्हा करावी लागते.