म्युनिकचा दाखला देऊ नका

पावसाळा लागला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गोष्टी येतात: ताम्हिणीचे धबधबे आणि ढोल-ताशा पथकांवरचं भांडण. माझा मावसभाऊ पुण्यात म्हात्रे पुलाजवळ राहतो. नदीपात्रात पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव चालतो, घरात टीव्ही ऐकू येत नाही, मावशीला ब्लड प्रेशर आहे. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे. पण मग तो मला मध्ये ओढतो. "म्युनिकवाल्याला विचारा. रविवारी गवत कापायचं यंत्र लावलं तरी पोलीस येतात. याला म्हणतात संस्कृती." त्यावर मामा लिहितो, "ज्यांना पथकं नकोत त्यांनी म्युनिकलाच जाऊन राहावं." म्हणजे एकाने मला पुरावा केलंय आणि दुसऱ्याने काळं पाणी.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 2024 च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात 30 पेक्षा जास्त वादक नकोत असा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये, विसर्जनाच्या आधीच, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आमच्या ग्रुपवर तेव्हापासून दोन्ही पक्ष आपणच बरोबर होतो असं मानतात.

पोलीस येत नाहीत, हे आधी सांगतो. शेजारची बाई येते. आणि ती पोलिसांपेक्षा अवघड असते. मला हे ठाऊक आहे कारण मी हौशी ओबोवादक आहे. ओबो म्हणजे सनईच्याच कुळातलं दोन पात्यांचं वाद्य. सोलापूरकरांनी सुंदरी ऐकली असेल तर त्यांना पटकन कळेल. "सनईच की! मग ताईच्या लग्नात का नाही वाजवलीस?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसता हसतो.

तर म्युनिकची शांतता. 1995 साली शहराच्या दक्षिणेला ईझार नदीच्या काठावरच्या एका बिअरगार्डनने रात्री साडेनऊलाच बंद व्हावं, असं शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून न्यायालयाने ठरवलं. 12 मे रोजी 20,000 हून अधिक म्युनिककर मोर्चा घेऊन रस्त्यावर आले. नदीकाठ, आवाज, वैतागलेले शेजारी, न्यायालय, आणि "हा आमच्या शहराचा प्राण आहे" म्हणणारे लोक! मावसभावाने नुसती नावं बदलावीत. शेवटी नियम झाला तो असा: संगीत दहापर्यंत, बिअर साडेदहापर्यंत. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंत 2005 पासून संध्याकाळी सहापर्यंत ब्रास बँडला 85 डेसिबलची मर्यादा आहे. सहानंतर काय होतं ते बघायला भावाने एकदा यावं, मी टेबल मिळवून देतो.

खुद्द घरातल्या सरावाचा खटला तर म्युनिकपासून तासाभरावरच्या आउग्सबुर्गचा. तिथे एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकावर शेजाऱ्यांनी दावा लावला. प्रकरण थेट कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेलं आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी आणि सणासुदीला एक ते दोन तास, दुपारची आणि रात्रीची विश्रांती सोडून, हा ढोबळ अंदाज न्यायालयाने दिला. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त आवडतं: घरी वाजवण्याच्या बाबतीत व्यावसायिक वादकाला हौशी वादकापेक्षा जास्त हक्क नाहीत, आणि कमीही नाहीत. माझ्यासारख्या, शूबर्टचे चार स्वर धड न वाजवणाऱ्या माणसाचा आवाज कायद्याने मोजला आणि त्याला तास दिले. शेजारच्या बाईला मी हा निकाल छापून दिला नाही, पण तो माझ्या खिशात आहे हे तिला माहीत आहे.

आपल्याकडे हे नाही, आणि माझा खरा राग इथे आहे. पुण्यात कुणी गाणं शिकतंय म्हटलं की पहिला प्रश्न "कुणाकडे?" आणि दुसरा "कार्यक्रम करतोस का?" नाही म्हटलं की विषय संपला. दोन-तीन परीक्षा दिल्या, पेटी माळ्यावर गेली, आता आम्ही चांगले श्रोते आहोत. चांगले श्रोते असण्याचा पुण्याला केवढा अभिमान! पण वाईट वादक असण्याची सोय नाही. भजनी मंडळं आहेत की, असं मामा म्हणेल. आहेत. मला कुठल्याही भजनी मंडळाने दारात उभं केलं नसतं, इतका मी बेसूर होतो.

पथकाने केलं. कॉलेजात असताना मी ढोल वाजवायचो. कुणी विचारलं नाही कुणाकडे शिकलास. कमरेला ढोल बांधला, हातात टिपरू दिलं, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीकडे बघून वाजव म्हणाले. बँकेत लागलेला, गॅरेजमधला, इंजिनिअरिंगची मुलं, मुली, सगळे एका ठोक्यावर. महाराष्ट्रात हजारो माणसं एकत्र येऊन, पैसे न घेता, महिना-दोन महिने रोज तालीम करून एक वाद्य वाजवतात असं दुसरं ठिकाण मला दाखवा. जर्मनीत याला लोक टोपी काढून सलाम करतील. आणि भाऊ म्हणतो, जर्मनीकडून शिका.

पण मामानेही फार खूश होऊ नये.

म्युनिकच्या आमच्या हौशी वाद्यवृंदात ट्रॉम्बोन या मोठ्या आवाजाच्या पितळी वाद्याच्या पुढे बसणारे बासूनवाले (बासून म्हणजे ओबोचा खर्जातला भाऊ) कानात प्लग घालतात. युरोपीय संघाचा कामाच्या जागेवरच्या आवाजाचा नियम 2008 पासून संगीतकारांनाही लागू आहे. त्याच वर्षी बव्हेरियन रेडिओच्या वाद्यवृंदाने एका नव्या रचनेचा पहिला प्रयोग रद्द केला, कारण तालमीतच तिचा आवाज वादकांच्या कानांना घातक ठरत होता. आम्ही हौशी लोक त्या नियमात बसत नाही, तरी प्लग घालतो. पुण्यातल्या वादात शेजाऱ्यांचे कान येतात, नदीतले पक्षी येतात, हिंदूंचेच सण का हे तर येतंच. पत्र्याच्या शेडमध्ये ताशाच्या शेजारी दोन महिने उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे कान मी अजून कुणाच्या मेसेजमध्ये पाहिले नाहीत. आवाज कमी करा म्हणणारे तिला विसरतात आणि परंपरा म्हणणारेही.

ओबो माझ्याकडे उशिरा आला. तिशी उलटल्यावर भाड्याने घेतला, कारण मला काहीतरी माणसांत बसून वाजवायचं होतं आणि व्हायोलिनवाल्यांची रांग लागलेली असते. ओबो आणि बासून वाजवणारे कुठेच पुरत नाहीत. पाच-सहा वर्षं शिकलेला माणूससुद्धा चालतो. हे हुशारीचं लक्षण नाही, टंचाईचं आहे. दर मंगळवारी शाळेच्या सभागृहात तालीम, दहाला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, दिवे घालवतो, मग समोरच्या विर्ट्सहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत. वर्षातून एकदा शनिवार-रविवार मार्क्टओबरडोर्फच्या संगीत अकादमीत मुक्काम. वर्गणी, सभासदांची वार्षिक सभा, हिशेबतपासनीस, सगळं आहे. व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवणारे कमी पडले की आउसहिल्फं, म्हणजे बाहेरचे बदली वादक, बोलवायचे आणि त्यांचे पैसे कशातून द्यायचे यावर तासभर भांडायचं. कार्यक्रमाला प्रवेश फुकट, बाहेर पडताना टोपली. आणि एक नियम असा की दोनपेक्षा जास्त तालमी चुकल्या तर कार्यक्रमात बसता येत नाही. तो मांडणाऱ्यांत मी होतो. आपल्याकडच्या "येतो हो, ऐन वेळी धरतो" या स्वभावावर दुसरं औषध नाही, असं माझं मत आहे. पुण्याला येऊन ते मी मोठ्याने सांगतोही.

सुरुवातीला ओबोने 'ला' हा स्वर द्यायचा आणि सगळ्यांनी त्यावर वाद्य लावून घ्यायचं. आमच्याकडे तो 443 हर्ट्झचा. समोर छोटं यंत्र ठेवलेलं असतं, काटा हलला की पहिल्या व्हायोलिनची बाई भुवई उडवते. सगळा जीव तोंडात धरायच्या पत्तीत असतो. दक्षिण फ्रान्समधल्या बोरूची कांडी, तासून पातळ केलेली, बूच लावलेल्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायची आणि सुरीने खरवडत बसायचं. केसाएवढं जास्त गेलं की ती पत्ती गेली. चांगली निघाली तरी काही आठवड्यांची सोबत. फ्योन, म्हणजे आल्प्सवरून येणारा कोरडा गरम वारा, सुटला की कालची उत्तम पत्ती आज कोंबड्यासारखी आरवते. आणि श्वासाची गंमत उलटीच. इतर फुंकवाद्यांत हवा पुरत नाही. ओबोत ती एवढ्याशा फटीतून जाते, म्हणून छातीत शिळी हवा तुंबते. आधी ती बाहेर सोडायची, मग नवी घ्यायची, आणि हे दोन्ही एका स्वराच्या जागेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शूबर्टची अपूर्ण सिंफनी घेतली होती. सुरुवातीला व्हायोलिनांच्या कुजबुजीवर ओबो आणि क्लॅरिनेट एकच धून एकाच सुरात वाजवतात. आमची पहिली ओबोवाली आजारी पडली म्हणून ती जागा माझ्याकडे आली. क्लॅरिनेटवर फिनान्सआम्टमधून, म्हणजे कर कार्यालयातून, निवृत्त झालेले एक गृहस्थ. सभागृह तापलं की ते सुरात चढतात, मी घाबरलो की मीही चढतो, पण त्यांच्याइतका नाही. तीन तालमी आमच्यात ती बारीक थरथर राहिली, दोन सूर एकमेकांना घासत. चौथ्या तालमीला ती एकदम गेली. ओबोही नाही आणि क्लॅरिनेटही नाही, असा तिसराच आवाज सभागृहात आला. कंडक्टरने थांबवलं नाही. पुढे व्हिओलावाल्यांनी लाकडी जमिनीवर बूट घासले. इथले वादक एकमेकांना दाद देतात ती अशी. तालमीत, पायाने.

कार्यक्रमात मात्र चिडीचूप. हे मला अजून जमत नाही. मी हेरकुलेससाल आणि ईझारफिलहार्मोनी या इथल्या संगीत सभागृहांत जातो, बव्हेरियन रेडिओच्या ओबोवाल्यांना ऐकायला खास तिकीट काढतो. ब्राह्म्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी वाद्यवृंदासह लिहिलेल्या रचनेत, मधल्या भागाची धून ओबोला आहे. व्हायोलिनवादक सारासाते म्हणे म्हणाला होता की ओबो ती धून वाजवत असताना मी हातात व्हायोलिन धरून उभा कशाला राहू? एकदा ती धून अशी काही वाजली की माझ्या तोंडातून अर्धं "क्या" बाहेर पडलं. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वडा काढून खायला लागलो होतो. 'सवाई'त नेमकं हेच केलेलं आहे, भारतीय बैठकीत, मांडीवर वर्तमानपत्र ठेवून, आणि पुढ्यातल्या आजोबांनी मागे वळून माझ्याच दादेला दाद दिलेली आहे. मला दोन्ही हवंय. पुण्यात गेलो की मागच्या रांगेतला फोन वाजला म्हणून मी जर्मन नजरेने वळून बघतो. इथे खोकल्याची गोळी सोलणाऱ्याला माफ करतो. दोन्हीकडे लोक माझ्यापासून जरा सरकून बसतात.

शिस्तीचं म्हणाल तर म्युनिकला नवा कॉन्सर्ट हॉल बांधायचा की नाही यावरचा वाद माझ्या इथल्या मुक्कामाइतका जुना असेल. 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तर विचार करायला वेळ हवा म्हणून सगळंच थांबवलं. ईझारफिलहार्मोनी तात्पुरती म्हणून बांधली आणि अजून आम्ही तिथेच. हे मी ग्रुपवर लिहीत नाही. तिथे मी म्युनिकची बाजूच घेतो, का कुणास ठाऊक.

2025 मध्ये गणपती ऑगस्टअखेरीस होते, तेव्हा पुण्यात होतो. आमच्याकडे शाळांना सुट्टी असली की वाद्यवृंदालाही सुट्टी. मावशीकडे उतरलो. सात वाजता शेडमधून पहिला ठोका आला आणि खिडक्यांची तावदानं हलायला लागली. मावसभाऊ माझ्याकडे बघत होता. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली. पथकांच्या बाजूने त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडणारा मीच. तो एक अक्षर बोलला नाही, फक्त मावशीला म्हणाला, "आई, याला चहा दे."

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. पाण्यात उभ्या म्हशी, डासांचा धूर, कडेला मोटारसायकली, आणि पावसाने सैल झालेली ढोलाची पानं ओढत बसलेली चार मुलं. वाजवणाऱ्या कुणाच्याही कानात काही नव्हतं. माझ्या खिशात प्लगची डबी होती, ती मी काढली नाही. यादी घेऊन उभा असलेला पोरगा पंचविशीचा असेल. मी म्हटलं, पूर्वी वाजवायचो, यंदा मिरवणुकीला उभं राहता येईल का?

"ढोल नाही जमणार काका. झांज देऊ शकतो."

झांज चालेल म्हणालो.

"सरावाला कधीपासून येताय?"

म्हटलं, परवापासून. त्याने यादी मिटली. निम्मा सराव झालेला नसेल तर मिरवणुकीत घेत नाहीत म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. मी त्याला सांगणार होतो की असाच नियम मीही एका ठिकाणी केलाय, पण त्याच्या मागे लोक थांबले होते.

"पुढच्या वर्षी जूनपासून इथे आहात का?" त्याने विचारलं, आणि खरंच नाव लिहून घ्यायला पेन काढलं.

जूनमध्ये आमचा उन्हाळी कार्यक्रम असतो, ब्राह्म्सची दुसरी सिंफनी घ्यायचं चाललंय, आणि ओबोवाले कसे मिळतात ते मी वर सांगितलंच आहे.