हक्क मताला टाकावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतली राज्यं समान हक्कांचं कलम मतदारांपुढे ठेवतात, त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. अमेरिकेच्या संघराज्य घटनेत सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ पासून असताना राज्यांनी आपापल्या घटनेत समान हक्कांचं कलम घालणं हा निव्वळ देखावा, हा पहिला. दुसरा असा की, हक्क बहुमतावर सोडणंच चूक; त्यापेक्षा भारतीय घटनेतलं घटनादुरुस्तीचं ३६८ वं कलम बरं, तिथे सार्वमताची भानगडच नाही.

पहिला मला अजिबात पटत नाही. चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या वाक्यात लिंगाचा उल्लेख नाही. तिथे लिंगभेदाला जागा मिळाली ती न्यायालयांच्या अर्थ लावण्यातून, आणि तीही दुय्यम. वंशावरून भेद करणारा कायदा सर्वांत कडक कसोटीला लागतो. लिंगावरून करणारा, १९७६ च्या क्रेग विरुद्ध बोरेन निकालापासून, मधल्या कसोटीला. संघराज्याचं संरक्षण ही किमान पातळी आहे, राज्याला त्याहून जास्त देता येतं. पेनसिल्व्हेनियाने १९७१ मध्ये लिंगावरून हक्क नाकारता येणार नाहीत, असं एक वाक्य आपल्या घटनेत घातलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वाक्याच्या आधारे स्वतःचा १९८५ चा निकाल फिरवला आणि मेडिकेडमधून (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून) गर्भपाताचा खर्च वगळणारा कायदा सकृतदर्शनी घटनाबाह्य ठरवला. देखाव्याच्या कलमाने हे झालं नसतं.

दुसऱ्या आक्षेपात दम आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आठव्या प्रस्तावाने समलिंगी विवाहाचा मिळालेला हक्क जेमतेम ५२ टक्के मतांनी काढून घेतला. पण तो कोणत्या दाराने आला ते पाहा: सह्या गोळा करून थेट मतपत्रिकेवर, विधिमंडळाला वळसा घालून, आणि एकदाच साधं बहुमत. ते शब्द घटनेतून काढायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. नेवाडातही सह्यांचा मार्ग आहे, पण घटनादुरुस्ती लागोपाठच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. न्यूयॉर्कमध्ये आधी विधिमंडळ, मग निवडणूक, मग नव्या विधिमंडळाची पुन्हा मंजुरी, आणि त्यानंतरच मतदार. तिथला समान हक्कांचा ठराव (लिंग, गर्भधारणा, प्रजननविषयक आरोग्यसेवा अशा कारणांवरून भेदभावाला बंदी घालणारा) जुलै २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये मंजूर होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे गेला.

तरीही तो मध्येच अडकला होता. विधिमंडळाने महाधिवक्त्यांचं मत येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही म्हणून मे २०२४ मध्ये एका न्यायाधीशाने प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढून टाकला. दावा मुदतीत दाखल झाला नव्हता, एवढ्याच मुद्द्यावर जूनमध्ये अपिलात तो परत आला. नंतर शब्दांवरून वाद. मतपत्रिकेवरच्या मजकुरात ‘गर्भपात’ हा शब्द नव्हता, ‘प्रजननविषयक आरोग्यसेवा आणि स्वायत्तता’ असं होतं. समर्थक न्यायालयात गेले, पण तो शब्द घालायचा आदेश मिळाला नाही. माझ्या मते खरा धोका इथे आहे. मतदार कलम वाचत नाही, त्याच्यापुढे येतात त्या चार ओळी वाचतो. याच राज्याने १९७५ मध्ये समान हक्कांचं कलम नाकारलं होतं. या वेळी ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला.

अमेरिकेत मतदार असलेल्या मराठी वाचकांसाठी एवढंच: मतपत्रिका उलटून पाहा, न्यूयॉर्क शहरात हा प्रश्न मागच्या बाजूला होता. फ्लोरिडात ६० टक्के लागतात. २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती ५७ टक्के मिळूनही पडली. आणि मिनेसोटात घटनादुरुस्तीचा रकाना कोरा सोडलात तर तुमचं मत ‘नाही’ धरलं जातं.