‘सत्तर टक्के मशीन बंद’ सांगणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यांत ७० टक्के मशीन बंद असतात, हे खुद्द जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथल्या स्टाफला ती नीट वापरता येत नाहीत, दुरुस्ती तर दूरच. सरकारने त्यांवर पैसा घालवू नये. परदेशातल्या हॉस्पिटलांची वापरलेली चांगली यंत्रं दान म्हणून घ्यावीत आणि बाकी सगळं खासगी कंपनीकडे द्यावं.’ शिकलेसवरले लोकही हे पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली उपकरणांच्या देणग्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ‘७० टक्क्यांपर्यंत’ उपकरणं पडून राहतात, असं त्यात म्हटलं होतं. मेसेजमध्ये ‘पर्यंत’ गळालं, आफ्रिका गळाली, साल गळालं. त्याहून वाईट म्हणजे त्याच वाक्यात दिलेली कारणंही गळाली: खरेदीच्या प्रक्रियेतला ढिसाळपणा, वापरणाऱ्यांना न मिळालेलं प्रशिक्षण आणि तांत्रिक पाठबळाचा अभाव. तिन्ही कारणं व्यवस्थेची आहेत, वॉर्डातल्या माणसाच्या अकलेबद्दल त्यात एक शब्द नाही.

पुढे २०११ मध्ये पेरी आणि मॅल्किन या अभ्यासकांनी १६ देशांतल्या १,१२,०४० उपकरणांच्या याद्या तपासल्या, तेव्हा ३८.३ टक्के उपकरणं बंद निघाली. आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानासाठी झालेल्या मोजणीत २९,११५ आरोग्य संस्थांमधली ७,५६,७५० उपकरणं नोंदली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये, आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद. तीनातलं एक यंत्र बंद असणं ही काही लहान गोष्ट नाही. नवजात बाळाचा वॉर्मर बंद असेल तर त्या आईला टक्केवारीशी काही देणंघेणं नसतं. तरीही हा फरक महत्त्वाचा आहे. ७० टक्के ऐकलं की माणूस हात झटकून मोकळा होतो. १३ आणि ३४ शेजारी ठेवले की प्रश्न पडतो, एका राज्याला जमतं ते दुसऱ्याला का जमत नाही?

‘दुरुस्ती येत नाही’ हा दुसरा दावा. याच मॅल्किन यांनी एका सहकाऱ्यासोबत २०१० मध्ये केलेला अभ्यास मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. साधनं अपुरी असलेली ११ देशांतली ६० रुग्णालयं आणि तिथली बंद पडलेली २,५२९ उपकरणं त्यांनी घेतली. अट एकच, दुरुस्ती स्थानिक बाजारात मिळेल त्याच सामानातून करायची, परदेशी सुटे भाग मागवायचे नाहीत. १,८२१ उपकरणं, म्हणजे ७२ टक्के, पुन्हा चालू झाली. लागलं काय? वायरिंग, पॉवर सप्लाय, नळ्या-व्हॉल्व्ह, यांत्रिक जोडणी, मोटारी, आणि मोठ्या प्रमाणात नीट बसवून वापरणाऱ्याला समजावून सांगणं. या सगळ्यातली फक्त १०७ मूलभूत कौशल्यं आली तरी बंद उपकरणांपैकी ६६ टक्के चालू होतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला बायोमेडिकल इंजिनिअरची पदवीही लागत नाही. आपल्या प्रत्येक तालुक्यात आयटीआय झालेली, मोटर रिवाइंडिंग करणारी, इन्व्हर्टर उघडून दुरुस्त करणारी मुलं आहेत. ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासाठी पद नाही, हा खरा अडसर आहे.

जिथे कौशल्य आहे तिथेही दुरुस्ती करू दिली जाईलच असं नाही. सर्व्हिस मॅन्युअल मिळत नाही, यंत्राच्या सॉफ्टवेअरला कंपनीचा पासवर्ड असतो. ही अडचण फक्त गरीब देशांची नाही. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या रुग्णालयांचे तंत्रज्ञ त्याच भिंतीला धडकले होते, तेव्हा २०२० मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या कंपनीने हजारो वैद्यकीय यंत्रांची मॅन्युअल गोळा करून सर्वांसाठी मोफत खुली केली.

तिसरा दावा सगळ्यात जास्त लागतो: स्टाफला यंत्रं नीट वापरता येत नाहीत, म्हणजे तोच त्यांची वाट लावतो. वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरना विचारा, यंत्र बंद म्हणजे नेमकं काय बंद असतं? पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब तुटलेला असतो. बीपीच्या पट्ट्यातली हवेची रबरी पिशवी फुटलेली असते. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, गॅस्केट (झाकणाची रबरी कडी) गेलेलं असतं, सक्शन मशीनच्या बाटलीचं झाकण चिरलेलं असतं. यंत्र धडधाकट असतं, पण त्याला लागणारी वस्तू खरेदीच्या यादीत कुणी घातलेलीच नसते. खरेदीला निधी येतो, फीत कापली जाते, पुढच्या दहा वर्षांच्या प्रोब, फिल्टर आणि बॅटऱ्यांसाठी मात्र तरतूद नसते. कधी खोलीचं वायरिंग व्हायच्या आधीच यंत्र येऊन पडतं आणि वॉरंटी खोक्यातच सरते. मग निर्लेखनाचा, म्हणजे निकामी यंत्र नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव फाईलमध्ये अडकतो आणि ते यंत्र जडसंग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) वर्षानुवर्षं ‘आहे’ म्हणून राहतं. नवं मागावं तर उत्तर येतं, तुमच्याकडे आहे की!

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून रुग्णाला देणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचंच बघा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गावोगावी पोचले, दिलेही लोकांनी मनापासून. आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. हे दाणे ओलावाही शोषतात. पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या ओल धरलेल्या खोलीत असं यंत्र महिनोन्‌महिने न चालवता ठेवलं तर दाणे निकामी होऊ शकतात. मग यंत्र सुरू होतं, आवाज करतं, हवाही देतं, पण त्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नसतो. ऑक्सिजनची शुद्धता ८२ टक्क्यांच्या खाली गेली की ते यंत्र उपचाराला भरवशाचं राहत नाही, आणि हे कळायला ही शुद्धता मोजणारा ऑक्सिजन ॲनालायझर लागतो. किती देणगीदारांनी सोबत ॲनालायझर दिला? अधूनमधून यंत्र चालवून बघायचं, फिल्टर धुवायचा, हे कुणाच्या कामाच्या यादीत लिहिलं गेलं? हेच यंत्र नीट सांभाळलं तर टिकतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया देशातल्या एका रुग्णालयाच्या आठ वर्षांच्या नोंदी छापून आल्या आहेत. तिथे तंत्रज्ञ जागेवर होते आणि बहुतेक दुरुस्त्या स्वस्तातल्या निघाल्या.

परदेशी दानाबद्दल फार लिहायची गरज नाही. अमेरिकेतलं यंत्र ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. मॉडेल जुनं, सुटे भाग बनणं थांबलेलं. वर उल्लेख केलेल्या सूचना निघाल्या त्या अशाच देणग्यांनी गोदामं भरली म्हणून.

राहिला खासगी कंपनीचा उपाय. तो आधीच झालेला आहे. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानात उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे आणि अनेक राज्यांनी हे काम निविदा काढून कंपन्यांना दिलं आहे. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ यंत्रं चालू हवीत, नाहीतर दंड, अशी ती रचना. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण त्या कंपनीचा तंत्रज्ञ तक्रार नोंदली गेल्यावर येतो. तक्रार नोंदलीच नाही तर कागदावर यंत्र चालू, दंडही नाही. यंत्रावर ओळख क्रमांकाचं स्टिकर आहे का, कॉल सेंटरचा नंबर वॉर्डात लावलेला आहे का आणि आलेला माणूस दुरुस्ती करून गेला की नुसती सही घेऊन, हे बघणारं रुग्णालयातलं स्वतःचं माणूस तरीही लागतंच. सरकारी रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर असलेल्यांनी पुढच्या बैठकीत बंद यंत्रांची यादी, प्रत्येकाच्या तक्रारीची तारीख आणि सुट्या भागांवर वर्षभरात झालेला खर्च मागावा.