कपाळावर फिरवलेला सोनोग्राफीचा प्रोब

नागपूरच्या अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने मेंदूतील सुस्त पेशी जाग्या होतात, त्यात अपाय काहीच नाही आणि साध्या सोनोग्राफी यंत्रानेही हे साधते. गेल्या आठवड्यात धंतोलीतील एका केंद्रात एक आजोबा हाच संदेश दाखवून कपाळावर प्रोब फिरवून मागत होते.

आधी उष्णतेचे पाहू. अल्ट्रासाउंडच्या उष्णतेचा उपचार आहे, पण तो पेशी मारण्यासाठी. हातांच्या कंपावरील ज्या उपचाराला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली, त्यात थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातील लहानसा ठिपका सुमारे 55 ते 60 अंशांपर्यंत तापवून कायमचा निकामी करतात. म्हणजे ‘अपाय नाही’ हेही मात्रा सांगितल्याशिवाय निरर्थक ठरते. पेशींची क्रिया बदलण्यासाठी वापरतात तो ध्वनी कमी तीव्रतेचा आणि तुटक स्पंदांचा असतो, आणि त्याचे काम मुख्यतः यांत्रिक असते. पेशीच्या पटलावर ताण येतो, तो ताण ओळखणाऱ्या वाहिन्या (पटलातील सूक्ष्म दारे) उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि, 2022 मध्ये उंदरांच्या चेतापेशींवरील प्रयोगांत दिसल्याप्रमाणे, टीआरपीएम4 ही वाहिनी तो क्षीण संकेत वाढवून पेशीला उद्दीपित करते.

मात्र उद्दीपन हाच एक परिणाम नाही. 1958 मध्ये संशोधक फ्राय आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतील दृष्टिमार्गाच्या केंद्रावर ध्वनी रोखला, तेव्हा प्रकाशाला मिळणारा विद्युत प्रतिसाद दबला आणि काही वेळाने पूर्ववत झाला. शिवाय 2018 मध्ये गिनीपिगांची श्रवणयंत्रणा निकामी केल्यावर, ध्वनीचा थेट परिणाम मानलेली मेंदूतील बरीचशी हालचाल नाहीशी झाली. ती कानामार्गे येत होती. हा आक्षेप संशोधकांनीच एकमेकांवर घेतला, हे मला विशेष वाटते.

राहिले सोनोग्राफी यंत्र. पोटावरचा प्रोब साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा असतो. मेंदूसाठी बहुधा 1 मेगाहर्ट्झच्या आतली वारंवारता निवडतात, कारण कवटीचे हाड त्याहून वरच्या वारंवारतेचा ध्वनी शोषते आणि विखुरते. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी टाळू भरण्याआधीच नीट होते. कंपाच्या उपचारात तर ध्वनी सोडणाऱ्या 1024 घटकांचे शिरस्त्राण लागते आणि रुग्णाच्या कवटीच्या सीटी स्कॅनवरून प्रत्येक घटकाची वेळ जुळवावी लागते.

आजोबांच्या समाधानासाठी डॉक्टरांनी क्षणभर प्रोब कपाळावर टेकवला. पडद्यावर हाडाची पांढरी कमान उमटली आणि तिच्यामागे नुसता काळोख.