वैध प्रमाणपत्र : नाही

आज दुपारी ऐरोलीच्या कार्यालयात माझ्या टेबलावर एक तक्ता आला. एका मोठ्या ग्राहकाच्या नेटवर्क देखभालीचा करार नव्याने होणार आहे आणि त्या साइटवर कोणते अभियंते ठेवायचे, याची ती यादी होती. नाव, वय, शिक्षण, अनुभव असे रकाने होते आणि सर्वांत शेवटी ‘वैध प्रमाणपत्र’ असा एक रकाना होता. ज्या माणसाने ती साइट गेली ९ वर्षे सांभाळली, ज्याला तिथला प्रत्येक रॅक, प्रत्येक पॅच पॅनेल आणि त्यावरचे प्रत्येक चुकीचे लेबलसुद्धा तोंडपाठ आहे, त्याच्या नावापुढे अनुभवाच्या रकान्यात ‘२१ वर्षे’ असे लिहिले होते आणि शेवटच्या रकान्यात ‘नाही’. त्या एका ‘नाही’साठी संपूर्ण ओळीवर लाल रेघ मारलेली होती.

आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, ओळखणारे ओळखतील.

मुळात ते ‘नाही’ही अर्धसत्यच आहे. दादांनी २००८ साली सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्क प्रमाणपत्राची परीक्षा दिली होती आणि पहिल्याच प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले होते. या प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. २०११ मध्ये ती संपली तेव्हा घरात मुलीच्या शाळाप्रवेशाचा खर्च उभा होता, म्हणून पुन्हा शुल्क भरणे राहून गेले आणि पुढे कोणी विचारले नाही म्हणून कायमचेच राहिले. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ते मी समजू शकतो. माणसाच्या हातातले कसब कोणत्या तारखेला नासते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

औषधावरून आठवले. २०१४ च्या श्रावणातली गोष्ट आहे. महापे येथे औषधांचे वितरण करणारी एक कंपनी आमची ग्राहक होती. मी तेव्हा नवा होतो, प्रमाणपत्र जेमतेम ३ महिन्यांपूर्वी हाती पडलेले होते आणि कळव्यातल्या आमच्या घरात ते काचेच्या चौकटीत लावलेले होते. संध्याकाळी साडेसहाला फोन आला की संपूर्ण नेटवर्क बंद पडले आहे, बिले छापली जात नाहीत आणि माल भरलेले ट्रक फाटकापाशी उभे आहेत. मी आणि दादा त्यांच्या मोटारसायकलवरून भर पावसात ठाणे-बेलापूर रस्त्याने तिथे पोहोचलो. मी लॅपटॉप उघडला. सगळे संगणक ज्याला जोडलेले असतात त्या स्विचवर लॉग इन होताच जोडणी तुटत होती, कारण त्याचा प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला होता. तिथल्या व्यवस्थापकांना मी मोठ्या आत्मविश्वासाने समजावू लागलो की नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे माहिती गोल गोल फिरत राहील असे वर्तुळ, झालेला असू शकतो. पण लूप होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये डेक कंपनीत स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधून काढलेली आहे आणि ती आपल्या स्विचवर चालू आहे. सबब बिघाड दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे. बोललेले एकेक वाक्य पुस्तकाप्रमाणे बरोबर होते.

दादा तेवढ्या वेळात रॅकसमोर नुसते उभे होते. सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच ठेक्यात, एकदम लुकलुकत होते. मिनिटभर त्यांनी ते पाहिले आणि मग दाराशी उभ्या असलेल्या वॉचमनला विचारले, “मामा, आज इथं कोणी टेबलं हलवली का?”

हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

त्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात सत्यनारायणाची पूजा झाली होती. चौरंगासाठी टेबले बाजूला सारली होती आणि संध्याकाळी ती परत लावताना कोणीतरी भल्या मनाने एका लोंबणाऱ्या पॅच कॉर्डचे मोकळे टोक भिंतीतल्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून दिले होते. एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचकडे गेली. इथरनेटच्या चौकटीला, म्हणजे केबलवरून धावणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, आयपी पॅकेटासारखी आयुष्याची मर्यादा नसते. एकदा असे वर्तुळ मिळाले की ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेला निरोप, फिरतच राहतो आणि प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढत जातात. दादा वर गेले, टेबलाखाली वाकले, अक्षता पडल्या होत्या तिथून ती केबल उपटली आणि खाली ट्रकांसाठी बिले छापली जाऊ लागली. लॅपटॉप त्यांनी उघडलासुद्धा नव्हता.

आता त्या तक्त्याकडे पुन्हा वळतो, कारण राग अजून उतरलेला नाही. हा रकाना येतो कुठून, हे आपल्या क्षेत्रातल्या मित्रांना सांगायला नको. उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या आपल्या भागीदारांना जो दर्जा देतात, त्यासाठी पदरी ठराविक संख्येने प्रमाणित अभियंते असावे लागतात. निविदेतही तीच अट उतरते. मग डोकी मोजली जातात आणि त्या डोक्यांत काय आहे हे पाहण्याची गरज कोणालाच उरत नाही. परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आणि दर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा द्या किंवा शिक्षणाचे ठराविक गुण जमवा. फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून ३ आठवड्यांत ‘अभियंता’ होणाऱ्यांना मी स्वतः मुलाखतीत भेटलो आहे. सबनेटचा, म्हणजे नेटवर्कचे पत्ते वाटण्याचा हिशेब त्यांना तोंडी येतो, पण केबलला कनेक्टर बसवायची क्रिम्पिंगची पक्कड हातात दिली की पांढरा-नारिंगी तारेपासून सुरुवात करायची असते, हे शेजाऱ्याला विचारावे लागते.

मान्य आहे, सगळेच तसे नसतात. सीसीआयई या सिस्कोच्याच बऱ्याच वरच्या प्रमाणपत्रासाठी बंद खोलीत ८ तास बसून प्रात्यक्षिक परीक्षा देणाऱ्यांना मी मनापासून मानतो.

पण त्या खोलीत धूळ नसते. तिथे दमट खाडीच्या हवेने हिरवट पडलेले कनेक्टर नसतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तोडलेली फायबरही नसते. रबाळ्यात एकदा अशीच फायबर तुटली तेव्हा ओटीडीआर यंत्राने बिघाडाचे अंतर मीटरमध्ये दाखवले आणि आमची पोरे तेवढे अंतर रस्त्यावर मोजत निघाली. दादांनी त्यांना मागे बोलावले. यंत्र मोजते ती तारेची लांबी, जमिनीची नव्हे. वाटेतल्या दोन चेंबरमध्ये जादा फायबरची वेटोळी करून ठेवलेली आहेत, ती वजा करा, असे त्यांनी सांगितले. ती वेटोळी कोणत्या नकाशात होती? दादांच्या डोक्यात होती, कारण ती त्यांनीच ठेवलेली होती.

(इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. ती नकाशातही असायला हवी होती. दादा कागदावर काही उतरवून ठेवत नाहीत आणि आयपीव्ही६ चे, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे, नाव काढले की त्यांना चहाची तल्लफ येते.)

दूरवरच्या स्विचवर बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा आधी देऊन ठेवावी, म्हणजे चुकून आपलीच वाट बंद झाली तरी १० मिनिटांनी स्विच जतन केलेल्या जुन्या मांडणीसह पुन्हा उभा राहतो, हे मला त्यांनी शिकवले. ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचना जोडणाऱ्या वाटेवर, नवे व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) चढवताना ‘ॲड’ हा शब्द विसरला तर जुनी सगळी यादी पुसली जाते, हे पुस्तकात एका ओळीत दिलेले असते. तो शब्द टंकण्यापूर्वी दादांचा हात क्षणभर थांबतो, ते थांबणे मात्र कुठल्या पुस्तकात नाही. फेसबुकच्या ज्या भिंतीवर मी हे सारे लिहीत आहे, ती भिंतसुद्धा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास गायब झाली होती आणि सुमारे ६ तास परत आली नव्हती. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच निखळला आणि अशा आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनातच दोष निघाला. शेवटी माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी पाठवावे लागले. तिथे प्रमाणपत्रांचा तुटवडा असेल, असे मला वाटत नाही.

इथवर लिहून थांबलो होतो. जेवलो. आता थोडे शांतपणे लिहितो.

दादांच्या जागी ज्या मुलाचे नाव आले आहे, तो २३ वर्षांचा आहे, दिव्याहून येतो आणि त्याने परीक्षांचे पैसे रात्रपाळी करून जमवले आहेत. त्याच्यावर माझा राग नाही. १० वर्षांपूर्वी मीही तोच होतो. कळव्यातल्या पदविकाधारक मुलाला ओळखीशिवाय कोणी दारातही उभे केले नसते. मला आत घेतले ते त्या चौकटीतल्या कागदाने. एवढे मान्य केले नाही तर मी कृतघ्न ठरेन.

आणि महाप्याच्या त्या संध्याकाळची अर्धी गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

स्पॅनिंग ट्री चालू असताना तो लूप पकडला का गेला नाही? कारण त्याच्या ३ आठवडे आधी त्या स्विचच्या सगळ्या पोर्टांची मांडणी मी केली होती. लूप ओळखण्यासाठी स्विच जे निरोप पाठवतात, त्यांना बीपीडीयू म्हणतात. पोर्टावर ‘बीपीडीयू गार्ड’ लावायला हवा होता, म्हणजे असा लूप होताच पोर्ट आपोआप बंद झाला असता. मी लावला होता ‘बीपीडीयू फिल्टर’, ज्याने त्या पोर्टावर स्पॅनिंग ट्री जणू नाहीच, असे होते. या दोन आज्ञांमधला फरक सांगणारा परिच्छेद मला तेव्हा शब्दशः पाठ होता. आजही आहे. हाताने मात्र भलताच शब्द टंकला आणि जो स्पॅनिंग ट्री चालू आहे म्हणून मी व्यवस्थापकांना व्याख्यान देत होतो, तो मीच बंद करून ठेवला होता.

दादांनी केबल काढल्यावर माझ्याच लॅपटॉपवर मांडणी पाहिली, दोन मिनिटांत ती दुरुस्त केली आणि व्यवस्थापकांना एवढेच सांगितले की केबल चुकीच्या जागी लागली होती. बाहेर टपरीवर चहा हातात देताना ते मला म्हणाले, “अरे, फिल्टर आणि गार्ड. एकदा चुकलास, आता जन्मात चुकणार नाहीस.” तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाला बिघाडाचा अहवाल द्यायचा होता. करारानुसार त्यावर प्रमाणित अभियंत्याची सही आवश्यक होती. दादांची मुदत संपलेली होती. सही माझी झाली आणि ‘तत्पर निदानाबद्दल’ आभाराचे पत्र आले, तेही माझ्या नावाने.

संध्याकाळी त्यांना फोन करून यादीचे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या पोराला सांग, तिसऱ्या रॅकचं दार जरा उचलून उघडावं लागतं. आणि शनिवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बघायच्या आहेत.” परीक्षेचे शुल्क मी भरतो, तुम्ही पुन्हा बसा, असे मी सुचवले. “बघू,” म्हणाले.

२०१४ च्या त्या अहवालाची प्रत माझ्याकडे अजून आहे. उद्या सकाळी तो लाल रेघेचा तक्ता मी वरिष्ठांकडे परत पाठवणार आहे आणि सोबत ही प्रत जोडणार आहे. चूक कोणाची होती आणि निदान कोणी केले होते, हे खाली माझ्या हाताने लिहून.